आधी तो विषय काढ, मग शाखा सोड

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी रावेर तालुक्यातली. जळगावला होस्टेलवर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पूर्ण केलं. सीईटीला बरे पर्सेंटाइल पडले तेव्हा घरचे-दारचे सगळे म्हणाले, मिळतंय तर कॉम्प्युटरच घे. घेतलं. पहिल्याच सेमिस्टरला सी प्रोग्रामिंगमध्ये केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. बाकीचे विषय निघाले, पण लॅबमध्ये बसलं की पोटात गोळा येतो.

एप्रिलमध्ये घरी आले होते. आमची जुनी ट्यूबवेल आटली म्हणून नानांनी नवी घ्यायचं ठरवलं. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. बोअरची गाडी दोन दिवस आणि एक रात्र चालली. रात्रभर मी तिथेच बसून होते. दर वीस फुटांना जी माती वर यायची तिचा गाडीवाला वेगळा ढीग लावायचा. पिवळी चिकणमाती, मग वाळू, मग गोल गोटे, त्याखाली परत चिकणमाती, परत गोटे. मी वहीत सगळं उतरवलं. प्रत्येक ढिगातली मूठभर माती प्लॅस्टिकच्या पुड्यांत बांधली आणि नंबर टाकले. गाडीवाल्याला विचारलं, चिकणमातीच्या खाली नदीतले गोटे कसे आले? तो म्हणाला, ताई, आम्ही फक्त फूट मोजतो. आजोबांच्या वेळी विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं, आम्हाला चारशेच्या खाली जावं लागलं.

तेव्हापासून मी जमीन आणि पाणी याबद्दल मिळेल ते वाचते आहे. मला भूगर्भशास्त्र शिकायचं आहे. नाना म्हणतात, वर्ष गेलं, पैसा गेला, आता मधेच सोडायचं नाही. आई म्हणते, मुलगी दगडामातीत काय करणार. मैत्रिणी म्हणतात, केटी लागली म्हणून पळतेस. खरं सांगू का, मी पळते आहे की नाही हे माझं मलाच कळत नाही. दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली आहे. काय करू?

उत्तर : तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन ओळी मोजल्या. कॉम्प्युटरला तू जेमतेम चार-पाच ओळी दिल्यास, मातीच्या ढिगांना त्याच्या दुप्पट. पुड्यांवर नंबर टाक असं तुला कोणी सांगितलं नव्हतं. नंबर नसता तर ती नुसती माती राहिली असती. खोलीप्रमाणे नंबर पडले की ती नोंद झाली. एवढं तुला न शिकवता सुचलं, हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण गाडीवाल्याकडून ते राहून गेलं. तापीचं खोरं ही खचलेली जमीन आहे. उत्तरेला सातपुडा उभा आहे, त्याच्या पायथ्याशी मोठा भ्रंश, म्हणजे जमीन तडकून सरकलेली जागा, आहे, आणि मधला पट्टा लाखो वर्षं खाली बसत आला आहे. डोंगरातून सुकीसारख्या नद्या आणि कितीतरी नाले जोरात उतरतात. पायथ्याशी उतार एकदम कमी होतो, पाण्याचा जोर तुटतो, आणि हातातलं जड सामान ते तिथेच टाकतं : आधी गोटे, पुढे वाळू, संथ पाण्यात सगळ्यात शेवटी चिकणमाती. नदी एका जागी राहत नाही. आज इथे गोटे टाकते, काही शतकांनी सरकून पलीकडे वाहते, मग या जागी पुराचं संथ पाणी साचून चिकणमाती बसते, पुन्हा नदी परत येते. जमीन खाली बसत राहते आणि थरावर थर चढतात. तुझ्या पुड्या म्हणजे त्या नदीच्या येरझाऱ्या आहेत. पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी खोल जिरतं ते मुख्यतः तिथूनच. तुमच्याकडे उपसा जिरण्यापेक्षा जास्त झाला, म्हणून रावेर-यावल भाग सरकारी भूजल अहवालांत अतिशोषित म्हणून मोजला गेला.

तापी ओलांडून दक्षिणेला पाचोरा-चाळीसगावकडे गेलीस तर हे काहीच दिसणार नाही. तिथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे. पाणी भेगांत आणि कुजलेल्या मुरमात अडकलेलं असतं. एकाच जिल्ह्यात नदीच्या दोन तीरांवर पाण्याचे दोन वेगळे हिशेब. मी अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते आहे, आणि हे फळ्यावर काढताना अजूनही खडू हातात घट्ट धरला जातो.

आता तुझ्या मैत्रिणींच्या बोलण्याकडे येते. त्यावर मला अधिकाराने बोलता येईल, कारण मी पळाले होते.

माझे वडील भुसावळला रेल्वेत. १९८७ साली दहावी झाले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा बोलबाला होता. टीव्ही घरोघरी येत होते, दुरुस्त करणारे कमी. वडिलांनी एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाला घातलं. वर्षाअखेर तीन विषय राहिले. तिथे प्रॅक्टिकल घेणारे एक सर होते. ब्रेडबोर्डवर माझं सर्किट चाललं नाही की सगळ्या वर्गाला बोलावून दाखवायचे. मी त्या तीन विषयांना पुन्हा बसलेच नाही. ट्रंक उचलली आणि भुसावळला परत आले. अकरावीला आर्ट्‌स घेतलं. पुढे भूगोल. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी मी एफ. वाय. ला होते. आमच्या आधीची सगळी मुलं पुणे विद्यापीठाची.

भूगोल मला मिळाला तो एका दुपारी. प्रॅक्टिकलला सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, टेबलावर पसरलेली, पालच्या बाजूच्या सातपुड्याची. ट्रेसिंग पेपर ठेवून तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, गिरवायच्या होत्या. दर वीस मीटरला एक रेषा. खाली सपाटीवर रेषा लांब लांब, हात सैल. डोंगराच्या तोंडाशी त्या इतक्या जवळ आल्या की पेन्सिलचं टोक दर दोन मिनिटांनी करावं लागत होतं. चार तास एक चौरस. शेजारच्या मुली वैतागून चहाला गेल्या. माझं लक्ष गेलं तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. मान दुखत होती आणि मला अजून पुढचा चौरस हवा होता. काम कंटाळवाणं होतं, यात शंकाच नाही. पण तो कंटाळा मला सोसवत होता.

इथवर गोष्ट गोड आहे. पण पुढची दहा वर्षं मला एक भीती होती ती कोणाला सांगितली नाही. बी. ए. ला संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल आलं, सहसंबंध काढायचा होता, दोनदा चुकला, आणि पोटात तोच गोळा. वाटलं, मी इथूनही पळणार. एम. ए. ला तेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी तेच. जिथे अवघड आलं तिथे माझा पहिला विचार निघून जाण्याचा असायचा. इलेक्ट्रॉनिक्स मला खरंच नको होतं, की मी फक्त त्या सरांना आणि त्या तीन विषयांना घाबरले, हे मला आजवर कळलेलं नाही. कळायचा एकच रस्ता होता, पुन्हा बसून पास होण्याचा, तो मी त्या ट्रंकेबरोबर बंद केला. भूगोल मिळाला हे माझं नशीब. निर्णय म्हणून तो चांगला नव्हता.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं : सी चा विषय काढ. नंतर सोड, पण नापास होऊन सोडू नकोस.

पुरवणी परीक्षा कधी आहे ते उद्याच बघ. उन्हाळ्यात असेल तर फॉर्म भर. हिवाळ्यावर जात असेल तर मागच्या पाच प्रश्नपत्रिका जमव, घड्याळ लावून घरी सोडव, आणि एखाद्या सिनिअर मुलीकडून तपासून घे, पास होण्याइतके गुण पडेपर्यंत. माझ्या जुन्या विद्यार्थिनींना विचारलं. त्या सांगतात की सी मध्ये बहुतेकींची गाडी एकाच ठिकाणी अडते : लूपमध्ये लूप आला की, नाहीतर पॉइंटरला. तू नेमकी कुठे अडतेस ते शोध. कागदावर हाताने प्रोग्राम लिही आणि दर ओळीला प्रत्येक व्हेरिएबलची किंमत काय झाली ते शेजारी मांड, जसं तू दर वीस फुटांना माती मांडलीस. अगदी तसंच. ज्या मुलीने रात्रभर जागून ढिगांची नोंद ठेवली तिला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष जवळपास सगळ्या शाखांना सारखंच असतं : गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्स. त्यात कॉम्प्युटर म्हणण्यासारखा तो एक सी चा पेपर. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं दुसऱ्या वर्षापासून. म्हणजे तू कॉम्प्युटर नाकारते आहेस ते एका पेपरवरून, आणि भूगर्भशास्त्राला हो म्हणते आहेस ते एका रात्रीवरून. दोन्ही बाजूंचा पुरावा अजून अपुरा आहे. पहिल्या बाजूचा पुरावा केटी काढल्यावर वाढेल. दुसऱ्या बाजूसाठी तुला एक काम देते.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्या भागातल्या जुन्या विहिरी कोरड्या पडल्या हे खरं, पण नाल्याकाठच्या, नदीकाठच्या काही विहिरींत पाणी दिसतं. अशा सहा-सात विहिरी निवड. काही नाल्याला लागून, काही लांब. प्रत्येकीच्या कठड्यावर ऑइलपेंटचा एक ठिपका दे, दर वेळी तिथूनच मोजायचं. स्टीलची टेप घे, तिच्या शेवटच्या मीटरभर भागाला कोरडा खडू घास, खाली सोड, वर ओढ. खडू जिथवर ओला झाला तिथे पाणी. मोटर रात्रभर बंद असलेल्या वेळीच मोजायचं, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी मिळेल. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे वेळापत्रक तुला विजेप्रमाणे लावावं लागेल. सलग सहा रविवार. वही तीच घे.

पहिल्या दोन रविवारी मजा येईल. तिसऱ्याला पाऊस, चिखल, आणि आकडे मागच्यासारखेच. चौथ्याला कोणीतरी बांधावरून विचारेल, काय गं, विहिरीत काय पडलं? तिथे बघ स्वतःकडे. पाऊस झाल्यावर नाल्याकाठची विहीर किती दिवसांनी वर आली आणि लांबची किती दिवसांनी, हे बघायला पाचव्या रविवारी तुझे पाय आपोआप निघाले, तर हा विषय तुझा आहे. नाही निघाले, तर ती एप्रिलची एक सुंदर रात्र होती, इतकंच. तेही कळलेलं बरं. कुठल्याही विषयाची मजा सगळ्यांनाच येते. त्याचा कंटाळा ज्याला सोसवतो त्याने तो घ्यावा. भूगर्भशास्त्रात नुसतं पाणी नाही हेही बघून ठेव : स्फटिकांचे आकार, जीवाश्मांची लांबलचक नावं, दगडाचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास बघणं, मे महिन्याच्या उन्हात हातोडा घेऊन फिल्ड. बी. एस्सी. चा अभ्यासक्रम मिळव आणि तीन वर्षांचे सगळे पेपर वाच, फक्त पाण्याचा नको.

आता नाना. त्यांच्याशी आवडीच्या भाषेत बोलू नकोस, हिशेबाच्या भाषेत बोल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. एका वर्षाची मेस, होस्टेल, प्रवास हे पैसे केळीतूनच आले आहेत. पण जो पैसा गेला तो दोन्ही वाटांवर गेलेलाच आहे. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कुकुंबर मोझॅक रोगाने धरलेली केळीची बाग त्यांनी किंवा शेजाऱ्यांनी कधीतरी उपटली असेलच. रोपांचे, ठिबकचे, खताचे पैसे गेलेले असतात, तरी रोग बागभर पसरायच्या आत उपटावं लागतं. नऊ महिने सांभाळून काही घड हाती लागत नाही. त्यांना एवढंच विचार : "नाना, उपटायचं की नाही हे मी सहा आठवड्यांत ठरवते, चालेल का?" तुला रोग झालाय असं मी म्हणत नाही, आणि नानांनाही तसं वाटू देऊ नकोस. मुद्दा मुदतीचा आहे. तिसऱ्या वर्षात गेल्यावर हाच निर्णय तिप्पट महाग पडेल.

हिशेब मांडायला वाटा कोणत्या ते सांगते.

पहिली, कॉलेज तेच, शाखा सिव्हिल. पहिल्या वर्षानंतर जागा रिकाम्या असतील तर गुणांच्या क्रमाने शाखा बदलून मिळते. अर्जाची मुदत थोडी असते, नोटीस बोर्डवर लक्ष ठेव. वर्ष वाचतं, आणि सिव्हिलला इंजिनिअरिंग जिऑलॉजी, हायड्रॉलॉजी हे विषय असतात. पुढे जलसंपदा विषयात एम. टेक. करता येतं.

दुसरी, बी. एस्सी. भूगर्भशास्त्र, पहिल्यापासून. हा विषय सगळ्या कॉलेजांत नसतो. पुण्याला फर्ग्युसनला आहे, वाडियाला आहे, नागपूर विद्यापीठाचा विभाग जुना आणि नावाजलेला आहे. म्हणजे घरापासून लांब आणि राहण्याचा खर्च आला. अनुदानित बी. एस्सी. ची फी इंजिनिअरिंगच्या मानाने फार कमी, पण तू सध्या मुलींच्या फीमाफीत शिकत असशील तर एक लक्षात घे : ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेची २०२४-२५ पासूनची ती पूर्ण माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ती तुझ्याबरोबर बी. एस्सी. ला येईल असं धरू नकोस. तुझे पहिल्या वर्षाचे क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्‌समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, सात वर्षं राहतात, पण त्यातले किती चालतील हे नवं कॉलेज ठरवतं. शून्य धरून हिशेब कर, मिळाले तर वरकड.

आणि नुसत्या बी. एस्सी. वर या विषयात फारसं हाती लागत नाही हे आजच ऐक. एम. एस्सी. धरूनच चाल, म्हणजे पाच वर्षं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी जॅम या प्रवेश परीक्षेतून अप्लाइड जिऑलॉजीच्या एम. एस्सी. ला जाता येतं; आपल्या जळगावच्या विद्यापीठातही पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे, आधी तिथे जाऊन एखाद्या अध्यापकांना भेट, तुझ्या पुड्या बरोबर ने. नोकऱ्यांचं म्हणशील तर केंद्रीय भूजल मंडळ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या जागा यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात, राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. बाकी खाणी, धरणं-बोगद्यांची कामं, पाण्यावर काम करणाऱ्या संस्था. आईला सांग, या सगळ्या परीक्षा मुली देतात आणि फिल्डवर मुली जातात. पण आईच्या प्रश्नात काळजी आहे : मुलगी एकटी कुठे राहील, कुठे हिंडेल. त्याला उत्तर नोकरीच्या जाहिरातीने मिळत नाही. विहिरी मोजायला एका रविवारी आईला बरोबर घेऊन जा. टेप तिच्या हातात दे.

माझं मत विचारशील तर, केटी निघाली आणि सहा रविवार टिकले, तर फक्त वर्ष वाचावं म्हणून सिव्हिलची मधली वाट घेऊ नकोस. सिव्हिलवाला विचारतो, इथे बांधायचं कसं. तू त्या रात्री विचारलंस, हे इथे आलं कसं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुझा दुसरा आहे. केटी निघाली आणि लॅबमधला गोळाही गेला, सी मध्ये चक्क गंमत वाटू लागली, तर कॉम्प्युटरला आणखी एक सेमिस्टर दे, त्यात कमीपणा नाही. भूजलाची मॉडेलं आज कॉम्प्युटरवरच चालतात. त्या बाजूनेही पाण्याकडे येता येतं. आणि बी. एस्सी. करून पुन्हा इंजिनिअरिंगकडे यावंसं वाटलं, तर बारावीला गणित असलेल्या बी. एस्सी. वाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो. दार बंद होत नाही.

कागदांचं थोडं. बी. एस्सी. चे फॉर्म आत्ताच भरून ठेव, फॉर्म भरणं म्हणजे प्रवेश घेणं नव्हे. दुसऱ्या वर्षाची फी शेवटच्या तारखेपर्यंत थांबव. सोडायचं ठरलं तर दाखला माग. "उरलेल्या तीन वर्षांची फी भरा, मगच कागद मिळतील" असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याला एका कॉलेजने असंच दोन महिने फिरवलं होतं, पोराचा तिकडचा प्रवेश जाता जाता राहिला. मूळ कागदपत्रं अडकवायची नाहीत आणि चालू वर्ष-सेमिस्टरपलीकडची फी आगाऊ मागायची नाही, हे यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे, तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईचंही तेच. लेखी अर्ज दे, पोच घे.

आणि पुड्या फेकू नकोस. प्लॅस्टिकमध्ये ओल राहिली असेल तर उन्हात एकदा वाळवून पुन्हा बांध. नंबर पुसले जातील, त्यासाठी आत चिठ्ठी टाक.

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलाने आधी बी. एस्सी. सोडलं, मग बी. सी. ए. ला घातलं, आता तेही नको म्हणतो, बी. बी. ए. करतो म्हणतो. प्रत्येक वेळी पाच-सहा महिन्यांत कंटाळतो. आम्ही दोघं कमी शिकलेले, त्याला अडवावं की जाऊ द्यावं कळत नाही. एक वडील.

उत्तर : दादा, वरचं पत्र मुलाला वाचून दाखवा आणि एक फरक त्याच्या लक्षात येतो का बघा. त्या मुलीला काय हवं ते तिने दीड पान लिहिलं. तुमच्या पत्रात मुलाला काय नको एवढंच आहे. बी. बी. ए. मध्ये काय शिकवतात हे त्याला विचारा. सांगता आलं नाही तर या वर्षी कुठेही प्रवेश नको आणि ओरडाही नको. चालू आहे त्या बी. सी. ए. च्या सेमिस्टरची परीक्षा मात्र त्याला द्यायला लावा, निकाल काहीही लागो. पाच-सहा महिन्यांत कंटाळतो म्हणता, म्हणजे परीक्षा जवळ आली की कंटाळतो, असं तर नाही? तारखा जुळवून बघा. तसं असेल तर त्याला विषय नकोसा नाही, नापास होण्याची भीती आहे, आणि ती बी. बी. ए. लाही बरोबर येईल. मी ती भुसावळच्या गाडीतून घरी घेऊन आले होते.

त्याच्याशी घरात बसून बोलू नका, समोरासमोर बसलं की ही मुलं गप्प होतात. शेतात न्या, पाणी भरताना बोला. परीक्षेनंतर काय झालं ते मला लिहा, त्यालाच लिहायला सांगा.